चार नंबरच्या खोळीचं भोक

मित्रांनो, मी एक जुनी खोळ आहे. उशीची नव्हे, बाटलीची. माझं बोलणं जरा तिखट वाटेल, पण पोटाला भोक घेऊन दोन वर्षं गप्प बसलेल्याला गोड बोलता येत नाही.

माझा जन्म वाइनच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. दुकानदाराच्या आत्याने जुन्या तपकिरी पडद्यातून आम्हा सहा बहिणींना बेतलं आणि प्रत्येकीवर पांढऱ्या दोऱ्याने आकडा भरला. मी चार नंबर. दरवर्षी दुकानात फसफसणाऱ्या वाइनची परीक्षा होई. सहा बाटल्या आमच्यात झाकायच्या, सूनबाईने म्हणजे दुकानदाराच्या बायकोने पेले भरायचे, तिघा परीक्षकांनी चाखून गुण द्यायचे. मग आम्हाला काढून चव आणि किंमत शेजारी शेजारी मांडायची. जी सगळ्यात पैसावसूल ठरेल, तिला दुकानात डोळ्यांसमोरचा कप्पा. आत्या म्हणायची, "नाव झाकलं की जीभ खरं बोलते." पहिल्या वर्षी सगळ्यात महाग बाटली शेवटून पहिली आली, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. "काय बेमालूम खोळी शिवल्यात!" म्हणत लोकांनी आम्हाला हातात घेऊन पाहिलं. त्या दिवशी मी किती फुगले होते म्हणून सांगू!

पुढे आमचे हाल कुत्रा खाईना. परीक्षा झाली की आम्ही फडक्यांच्या पेटीत. धुऊन धुऊन पाचजणी आखडल्या, मी मात्र सैल झाले. एकदा दुकानदाराने शेगडीवरची किटली उतरवायला मलाच घेतलं आणि माझ्या पोटाला नाण्याएवढं भोक पडलं. आत्याची नजर तोवर अधू झाली होती, पण बोटांना सगळं कळत होतं. ती म्हणाली, "अरे, सुईत दोरा तेवढा ओवून दे. दोन टाके मी घालते."

"आत्या, फडक्याकडे कोण बघतंय! ओवतो नंतर," तो म्हणाला.

ते 'नंतर' काही उजाडलं नाही. सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दोरा ओवायला असा किती वेळ लागतो हो?

आता ऐका काय झालं. सोनेरी लेबलची एक नावाजलेली बाटली पोटाने जाड होती. ती फक्त माझ्यातच मावायची. आणि माझं भोक यायचं नेमकं तिच्या लेबलवर. परीक्षकांत एक होते नाकाडेसाहेब. हे लोकांनी ठेवलेलं नाव. नाकाने कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते काय लिहितात ते तिरक्या डोळ्याने पाहून बाकीचे दोघे गुण द्यायचे. सलग दोन वर्षं चार नंबर पहिला आला.

आणि सलग दोन वर्षं शेवटी आली डोंगरवाली. ती आणि तिचा भाऊ डोंगरउतारावर स्वतः द्राक्षं लावून स्वतः वाइन करायचे. त्यातल्या पहिल्या वर्षी तिच्या बाटल्या वरच्या कप्प्यातून खाली, दाराआडच्या कप्प्यात गेल्या. दुसऱ्या वर्षी भाऊ कंटाळून कारखान्यात नोकरीला लागला. यंदा ती एकटीच खोकं घेऊन आली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, यंदाही शेवटी आलीस तर कप्पा रिकामा करावा लागेल." खोकं ठेवून ती भिंतीशी उभी राहिली.

पेले भरले गेले. नाकाडेसाहेबांनी पुढे वाकून एका बोटाने मला हळूच फिरवलं. भोक त्यांच्या समोर आलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण खोळीला तोंड कुठलं? तोंड होतं ते बाटलीला.

"वा! चार नंबर! काय बुडबुडे, काय घरंदाज चव!"

कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "साहेब, घोट घेतल्याचा आवाज अजून आला नाही. चव आधीच कशी कळली?"

आत्या चाचपडत टेबलाशी आली. तिने मला अंगभर चाचपलं आणि तिचं बोट थेट लेबलला टेकलं.

"फडकं म्हणालास ना रे?" ती भाच्यावर कडाडली. "तुला ओवायचा कंटाळा, आणि यांना चाखायचा! सूनबाई, बाटल्या आत ने. नुसते पेले आण. पेल्याखाली चिठ्ठी घाल, आकडा खालच्या बाजूला."

सूनबाईने तसं केलं. नाकाडेसाहेब आता घोट घेऊ लागले. तिसऱ्या पेल्याशी थांबले. पुन्हा एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हीच ती सोनेरी! आम्हाला लेबल कशाला लागतंय!" त्यांनी दहापैकी साडेनऊ लिहिले.

सूनबाईने पेला उचलून चिठ्ठी उलटली. दोन नंबर. डोंगरवालीची बाटली. किंमत सोनेरीच्या पावपट.

नाकाडेसाहेबांना एकदम घरचं काम आठवलं. दुकानदार घाईघाईने म्हणाला, "ताई, डोळ्यांसमोरचा कप्पा तुझा!"

ती भिंतीपासून पुढे आली. मला वाटलं, हसेल. तिने माझ्या भोकात बोट घातलं आणि विचारलं, "हे भोक मागच्या दोन्ही वर्षी होतं?"

दुकानदार रिकामे पेले गोळा करू लागला.

"माझा भाऊ द्राक्षं सोडून गेला हो," ती एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी दुकानदाराने सुईत दोरा ओवला. दोऱ्याचं टोक तीनदा थुंकी लावून वळावं लागलं, तरी मिनिटभरही लागलं नाही. आत्याने दोन टाके घातले. आता माझ्यातून काही दिसत नाही. पण तिचा भाऊ अजून कारखान्यातच जातो.

म्हणून मित्रांनो, माझी पूजा करू नका, मला कपाटात मिरवू नका. घरातलं कुणी म्हातारं माणूस "सुईत दोरा ओवून दे" म्हणालं, तर हातातलं टाका आणि आधी तो ओवून द्या.