बंद केबलचे आठ व्होल्ट

सकाळी अकराच्या सुमारास राजकुमारचा फोटो आला आणि प्रेरणाच्या हातातला चहा हातातच राहिला.

राजकुमार हा डोणगावकडच्या कामावरचा सुपरवायझर. सौरप्रकल्पातली वीज उपकेंद्रापर्यंत नेणारी तेहतीस हजार व्होल्टची केबल जमिनीखालून टाकणं चाललं होतं. नाली खणून झाली, केबल पडली, आता फक्त शेवटचा जोड राहिला, हे कळवायला त्यानं फोटो पाठवला होता. फोटोत सगळं झकास होतं. फक्त नालीच्या मागे विजेच्या लाइनचा एक उंच टॉवर उभा होता. प्रेरणाच्या नकाशात दोन लाख वीस हजार व्होल्टची ती लाइन केबलपासून चांगली अर्धा किलोमीटर लांब होती.

तिनं फोन लावला. "राजकुमार, हा टॉवर कुठून आला?"

"टॉवर कुठून येईन म्याडम, तो तं जुनाच हाय. आपली नाली तिकडं गेली." राजकुमार हसला. "अर्जुनरावच्या वावरात विहिरीपाशी सातीआसरांचं, पाण्याच्या देवींचं ठाणं हाय ना. तिथं कोणी कुदळ लावू देत नाही. मंग लाइनच्या खालून वळसा मारला. तारांखाली तसंबी गवतच असते, कोणाची हरकत नाही."

"किती लांब गेली तारांखालून?"

"असन दोनक किलोमीटर."

"अन् मले काऊन नाही सांगितलं?" ऑफिसातली तिची शुद्ध भाषा पार गळून पडली.

"देवाचं होतं म्याडम. त्यात का सांगाचं?"

त्याचंही खोटं नव्हतं. देवाला वळसा घालायचा असतो, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रस्ते वळतात, पाट वळतात, बांध-धुरे वळतात, आणि कोणी त्याचं पत्र पाठवत नाही. प्रेरणा तर पिंपळगाव राजा या गावचीच पोर, तिच्या स्वतःच्या वावरातही एक असा वळसा होता. पण नकाशावर सरळ रेघ पाहिली आणि तिनं ती सरळच मानली.

मेहकरच्या ऑफिसात बसून केबलचं मॉडेल करणं हे प्रेरणाचं काम. म्हणजे केबल आधी संगणकात मांडायची आणि तिच्यात कुठं किती व्होल्ट उभे राहतील ते पाहायचं. केबल बंद असली म्हणजे मेली असं नसतं. वरच्या तारांतून हजारभर अँपिअर वाहत असले की खाली त्यांच्या सोबतीनं पडलेल्या केबलच्या धातूच्या आवरणात आपोआप व्होल्ट येतात. सोबत जितकी जवळून आणि जितकी लांबवर, तितके जास्त. तिच्या मॉडेलनं आठ सांगितले होते. मॉडेल बिचारं प्रामाणिक, जे सांगाल ते खरं मानतं. नाली डोळ्यांनी पाहून यायचं काम बाईसाहेबांचं होतं, आणि उन्हाच्या भीतीनं बाईसाहेब खुर्चीतून हलल्या नव्हत्या.

तिनं घाईघाईनं वळसा संगणकात घातला. आकडा आला एकशे चौदा. वरच्या लाइनमध्ये नेमका त्याच वेळी बिघाड झाला, तर क्षणभर हजाराच्याही वर.

आणि शेवटच्या जोडाच्या खड्ड्यात उकंडरावकाका बसलेले.

केबल जोडण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कालच त्यांनी फोन केला होता. "पोरी, मी आपल्या सवयीनं खड्ड्यातच अर्थिंग बांधतो. तास जाते त्याच्यात. बांधू का राहू देऊ?" आणि ती ऐटीत म्हणाली होती, "गरज नाही काका. आठच व्होल्ट येतात, मी काढलंय ना."

काकांचा फोन वाजून वाजून थांबला. जोडाला बसताना ते फोन जीपमध्ये ठेवत. राजकुमारला लावला, तर तो डिझेल आणायला मेहकरातच आलेला. प्रेरणा मीटर घेऊन पळत खाली उतरली आणि त्याच्याच गाडीत बसली. वाटेत तिनं चौदा वेळा फोन लावला. समोरून येणारी प्रत्येक गाडी तिला दवाखान्याकडं निघालेली वाटत होती. राजकुमार काहीतरी बोलू पाहत होता. "तू गाडी चालव," ती म्हणाली. गाडी धुऱ्यापाशी थांबायच्या आतच तिनं उडी मारली.

"काका, हात नका लावू! काका!"

हिरव्या कापडाच्या सावलीतून उकंडरावांनी मान वर केली. केबलची काळी साल सोललेली, आतलं आवरण उन्हात चमकत होतं. बोटांच्या कामाला अडचण नको म्हणून रबरी हातमोजे त्यांनी काढून बाजूला ठेवले होते. हात आवरणापासून वीतभर अंतरावर होता.

"का झालं वं?"

तिनं धापा टाकत सांगितलं. मॉडेल चुकलं, मी चुकले, सगळं एका दमात. काका बाहेर आले. मोजे घालून त्यांनी मीटर लावला. सत्त्याण्णव.

राजकुमारनं कानाला हात लावला. काकांनी मीटर खाली ठेवला.

"एकतीस सालात आज पह्यल्यांदा अर्थिंगची वायर जीपमंधून काहाडली नाही," ते म्हणाले. "तू नको म्हणली म्हणून."

ती रडायलाच लागली. काकांनी तिला रडू दिलं. जीपमधून तांब्याची वायर आणली, जमिनीत सळई ठोकली, वायर आवरणाला आवळली. तास लागायचा तो लागलाच. मग ते काठावर बसले आणि त्यांनी मीटर तिच्या हातात दिला.

"किती?"

"दोन."

"कागदावर का मीटरवर?"

"मीटरवर, काका."

"मंग उतर खाली. ज्यानं म्हटलं धोका नाही, त्यानं पह्यले हात लावाचा. आमच्या उस्तादाचा कायदा हाय. धोका नाही हे काल तू म्हणली, पण तू इथं नव्हती म्हणून मी माहाच हात लावाले निघालो होतो."

प्रेरणा खड्ड्यात उतरली. दोन व्होल्टांनी काही होत नाही, हे तिथं तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी हात पुढं जाईना.

"सुलटा नाही, उलटा लाव," काका वरून हळूच म्हणाले. "झटका बसला तं मूठ आवयत नाही, हात सुटते."

काल खुर्चीत बसून त्यांना 'गरज नाही' म्हणायला तिला एक क्षणही लागला नव्हता. आता तिनं डोळे मिटले आणि हाताची पाठ धातूवर टेकवली.