पंचमीला पालथा घातलेला तवा

मित्रांनो, कल्याणच्या एका स्वयंपाकघरात चुलीमागे भिंतीला टेकून उभा असलेला हा काळा, खोलगट, जुना लोखंडी तवा म्हणजे मी. आता वय झाले, पण मनातली एक गोष्ट अजून निवलेली नाही. मला मोदकपात्राचा हेवा वाटतो.

दगडू लोहाराने घणाखाली मला आकार दिला आणि कमळाबाईंनी मला घरी आणले. नारळाच्या शेंडीने तेल फिरवून त्या माझ्यावर घावन घालीत. तांदळाचे पीठ ताकासारखे पातळ कालवायचे, चवीला मीठ टाकायचे, मला चांगले तापू द्यायचे आणि पीठ कडेकडून आत ओतायचे. झाकण काढले की सुरेख जाळी पडलेली दिसे. कधी थालीपीठ, कधी केळीच्या पानातली पानगी. सारे घर माझ्यावर जेवे. पण मुलगा गोपीनाथ आगगाडीच्या कचेरीत लागला आणि ठाण्याहून तांब्याचे, आतून कल्हई केलेले मोदकपात्र घेऊन आला. त्याला चिंच लावून घासायचे, उंच फळीवर ठेवायचे. मला मात्र राख आणि कोपरा.

त्यातून नागपंचमी! त्या दिवशी चुलीवर तवा ठेवायचा नाही, असा नेम. विळीही विसावते, म्हणून नारळ आदल्या दिवशीच खवतात. मी भिंतीकडे तोंड करून बसे आणि मोदकपात्रातल्या पातोळ्यांचा वास घरभर दरवळे.

एका वर्षी घरात नवी सून आली होती, शालू. माहेर शहाडचे, अगदी जवळ. पण लग्नानंतर तिला एकदाही पाठवले नव्हते. पंचमीला भाऊ राघो तिला न्यायला येणार होता.

कमळाबाई म्हणाल्या, "पातोळे नीट झाले तर जा हो. बिघडले तर भाऊ जेवून एकटाच परत जाईल."

शालूने हळदीच्या पानांवर भिजवलेले पीठ पातळ पसरले, वर गूळखोबरे घातले, पाने दुमडली आणि थोडे पातोळे मोदकपात्रात रचले. पण पाण्यात गारगोटी टाकायची राहिली. ती खडखडते आहे तोवर तळाशी पाणी आहे, असे समजायचे. शालूचे कान राघोच्या वहाणांकडे लागलेले. पाणी आटले, पातोळे करपले आणि मोदकपात्राच्या तळाचा सांधा सुटला.

खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला.

"कान वेशीवर टांगून चुलीपुढे बसलीस काय गं?" कमळाबाई कडाडल्या.

"सासूबाई, उरलेले तव्यावर भाजू? पानगीसारखे?" शालूने माझ्याकडे हात केला. मी मोहरून गेलो.

"खबरदार! आज तवा चुलीवर चढायचा नाही."

तेवढ्यात ओटीवरून हाक आली, "ताई, मी आलो गं! काय करपवलंस?"

शालूला रडूच फुटले. कमळाबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग देवघराकडे पाहिले. त्यांनी टोपात पाणी घातले, गारगोटी टाकली, तोंडाला ओला पंचा घट्ट बांधला आणि त्यावर उरलेले पातोळे मांडले. आता झाकण हवे. त्यांची नजर माझ्यावर आली.

"चुलीवर ठेवायचा नाही हा नेम," त्या हळूच म्हणाल्या. "टोपावर पालथा घालायला कोणी नको म्हटलंय?"

मित्रांनो, जन्मात प्रथमच मला वाफ लागली. हळदीच्या पानांचा सुगंध अंगात मुरला. माझ्या खोलगट पोटावरून थेंब कडेला ओघळत होते. पातोळ्यांवर एकही पडला नाही.

राघो बोटे चाटत म्हणाला, "आईसुद्धा इतके मऊ करत नाही हो!"

"तिला सांगू नकोस म्हणजे झालं," कमळाबाई हसल्या. "शालू, चार दिवस राहून ये. पण आधी तवा पुसून तेल लाव. नाहीतर गंजेल बिचारा."

तांबटाकडून मोदकपात्र दुरुस्त होऊन आले. गणपतीचे मोदक अजून त्याच्यातच होतात. पण दर पंचमीला शालू टोप काढते आणि मला पालथा घालते. माझा हेवा मात्र गेलेला नाही. चिंचेचा वास आला की अजून अंग तापते.

म्हणून एवढेच मागतो. तवा ओला टाकू नका. पुसा, तेलाचे बोट फिरवा. आणि शेजारच्या चकचकीत भांड्याचे कौतुक करायचेच असेल, तर आधी माझे तोंड भिंतीकडे करा.