डाव्या हाताचा बाण

कपाळावर ओरखडा आणि पोटात घरघरणारा पंखा, असा मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. कारखान्यात माझे भाग जोडले जात होते, तेव्हा वाटले होते की एखाद्या झकपक कचेरीत बसेन. नशिबी आली सुताराची कार्यशाळा आणि लाकडाचा भुसा. पण तक्रार नाही. देव जिथे ठेवतो, तिथे कामही देतो.

माझे धनी आबा. कपाट असो वा खुर्ची, आधी माझ्या पडद्यावर आखायची आणि मगच लाकडाला हात लावायचा, अशी त्यांची रीत. "इथे चुकलं तर पुसता येतं, लाकूड चुकलं की जळणात!" असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि कौतुकाने माझी पाठ थोपटत.

मग आबांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला. तेव्हा सूनबाईंनी मला आबांजोगे करून घेतले. माउसची बटणे डाव्या हातासाठी उलटी केली, पडद्यावरचा बाण मोठा आणि धिमा केला, अक्षरे बोराएवढी केली. डावा हात थरथरे, पण मी सांभाळून घेई. आबा आखत, मुलगा करवत चालवी.

पुढे सूनबाईंना दिवस गेले आणि आबांनी पाळणा आखायला घेतला.

तो अर्ध्यावर असतानाच माझी कार्यप्रणाली, म्हणजे मला चालवणारी आतली व्यवस्था, फार जुनी ठरली. ती बदलण्यासाठी मुलाने दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत.

"काय डॉक्टर, रोगी वाचेल ना?" आबांनी विचारले.

"तुमच्यापेक्षा ठणठणीत करतो, आबा!"

काम सुरू झाले. फायली आणि सेटिंग दोन्ही ठेवू, की नुसत्या फायली? असे मी पडद्यावर विचारले. डॉक्टरला पुढच्या घरी जायची घाई. "फायली राहिल्या म्हणजे झालं," म्हणत त्याने दुसऱ्या पर्यायावर टिचकी मारली. आखणीचे सॉफ्टवेअर पुन्हा बसवून दिले आणि तो गेला.

दुपारी आबा माझ्यासमोर बसले. पाळणा जागच्या जागी होता. पण बाण उंदरासारखा पळू लागला. बटण दाबावे तर भलतेच घडे. अक्षरे मुंगीएवढी. धडपडीत पाळण्याचा एक कठडाच पुसला गेला. आबांनी हात मांडीवर ठेवला.

"सूनबाई, देवानं हाही हात नेला गं. पाळणा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

सूनबाई लगबगीने आल्या. त्यांनी माउस हलवून पाहिला आणि डोळे पुसत हसू लागल्या.

"आबा, तुमचा हात कुठे गेलाय? हाच तुम्हाला विसरलाय! सरका जरा."

बटणे उलटी झाली, बाण धिमा झाला, अक्षरे पुन्हा बोराएवढी झाली. आबांनी हळूच एक रेघ ओढली. सरळ आली.

"अरेच्चा! मग मी उगीच देवाला बोल लावला की," ते पुटपुटले आणि कठडा नव्याने आखायला लागले.

डॉक्टरला कळले तेव्हा त्याने कान पकडले. आता कुठेही गेला की तो आधी विचारतो, "ह्याच्यासमोर बसतं कोण?"

मित्रांनो, तुम्हीही माझ्यासारख्यांना जरूर नवे करा. फक्त आमच्यात जपलेली माणसांची सवय पुसण्याआधी एवढे विचारा.

पाळणा आता माझ्या शेजारीच असतो. माझा पंखा घरघरला की बाळ झोपते म्हणे. म्हणून आखणी संपली तरी आबा मला लगेच बंद करत नाहीत.