एका पुठ्ठ्यातले चार जोशी

सखाराम जोशी हे नाव असलेल्या माणसाने ग्रंथकर्ता होण्याच्या भानगडीत पडू नये, हे कर्जतच्या इंग्रजी शाळेतल्या सखाराम जोशी मास्तरांना ग्रंथ छापून झाल्यावर समजले. कुलाबा जिल्ह्यात दगड उचलला तरी खाली एखादा सखाराम जोशी सापडावा, इतके ते नाव विपुल.

मुंबईत रसायनशास्त्र शिकलेल्या मास्तरांनी पिण्याच्या पाण्यावर एक चोपडी लिहिली होती. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ देवीच्या कोपाने येत नाही, विहिरीतून येते. पाणी उकळावे, आणि रोगी मागेल तितके त्याला पाजावे, एवढेच तिचे सार. तिला कोणी विचारले नाही. त्याच सुमारास पुण्याच्या एका सखाराम जोशींचे भातशेतीवरचे पुस्तक निघाले आणि पार खालापुरापर्यंत वाचले गेले. तिसऱ्या जोशींनी घोड्यांच्या निगेवर लिहिले. चौथे नाशिकचे वैद्य. त्यांनी पटकीवर उपचार सांगितले होते.

कर्जतच्या वाचनालयाचे चिटणीस पोपटशेट हे भाताचे व्यापारी. एका कर्त्याच्या बारीक चोपड्या एकाच पुठ्ठ्यात बांधायच्या, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे वाळवी आणि वाचक या दोघांपासूनही पुस्तके सुरक्षित राहत. त्यांनी मुंबईहून सखाराम जोशींची मिळतील तेवढी पुस्तके मागवली, चारही एकत्र बांधून घेतली, तांबड्या कातड्यावर सोनेरी अक्षरांत नाव घातले आणि वार्षिक पानसुपारीच्या दिवशी नारळासह तो ग्रंथ मास्तरांच्या हाती दिला.

मास्तरांनी पाने चाळली आणि काय झाले आहे ते त्यांना तत्काळ कळले. बोलायला तोंड उघडणार, तोच कुंभिवली गावचा भिवाजी पाटील भर सभेत उठला.

“मास्तर, तुमच्या चोपडीपरमानं रोपांसाठी राब भाजला. भात छातीला लागलं माज्या.”

सभेने टाळ्या वाजवल्या. मास्तर हसले आणि म्हणाले, “चालायचेच.”

या शब्दात होकार नव्हता आणि नकारही नव्हता. प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःच अशा नोंदीवर तांबडी रेघ मारली असती. उद्या पोपटशेटना सांगू, असे त्यांनी ठरवले. दुसऱ्या दिवशी वाटले, आता सांगितले तर गाव हसेल. पुढे पुढे सांगायचे आहे याचाच विसर पडू लागला, आणि तो विसर सुखाचा होता.

तो ग्रंथ भिवाजीने वाचायला नेला. कुंभिवलीला छापील पुस्तक वाचायची रीत एकच: मारुतीच्या देवळात पोथी लावायची. ग्रंथाला हळदकुंकू लागले, रेशमी फडके मिळाले. मास्तरांची पाण्यावरची चोपडी पहिली होती. तिने श्रोत्यांना झोप आणली. भातशेती लोकांनी दोनदा ऐकली.

पावसाळ्याच्या अखेरीस कुंभिवलीत पटकी शिरली. बातमी कळताच मास्तर विहिरीत टाकायचे जंतुनाशक जांभळे खडे घेऊन बैलांच्या दमणीने निघाले. गावात पोहोचताच भिवाजीने त्यांना आपल्या घरी नेले. त्याचा धाकटा भाऊ हिरू आदल्या दिवशी गेला होता. हिरूचा तरणा मुलगा सदू पडवीत निजला होता. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा, आणि आवाज उरला नव्हता तरी ओठ एकच शब्द घडवत होते. पाण्याची घागर आढ्याला उंच टांगलेली होती, त्याचा हात पोहोचू नये म्हणून.

भिवाजी म्हणाला, “पोथीतलं समदं पाळलंय, मास्तर. थेंब नाय दिला.”

हिरूची विधवा भागूबाई मास्तरांच्या पायांवर पडली. “माजी चूक झाली. धनी लई विनवीत व्हते. मी चोरून दोन घोट पाजलं, म्हणून गेलं ते. पोराला नाय देणार आता.”

नाशिकच्या वैद्यांनी पटकीत पाणी वर्ज्य सांगितले होते. मास्तरांनी ते पान पानसुपारीच्या दिवशीच पाहिले होते.

तरीही त्यांनी प्रथम सोपी वाट धरली. कबुली न देता काम होईल अशा बेताने ते अधिकारवाणीने म्हणाले, पाणी उकळा, निववा आणि याला द्या. भागूबाई हलली नाही. एकदा पोथी मोडून तिने नवरा गमावला होता. भिवाजी तर ओळखल्यासारखा हसला.

“परीक्षा घेतायत मास्तर. पोथीत नको म्हणायचं नि हितं द्या म्हणायचं.”

सदूचे ओठ पुन्हा हलले.

“ते पुस्तक माझं नाही,” मास्तर म्हणाले.

“सोन्याच्या अक्षरात नाव हाय की तुमचं.”

“नाव माझं आहे. त्यात चार जणांची पुस्तकं आहेत आणि चौघांचं नाव एकच आहे. माझं तेवढं पाण्याचं. त्यात द्या असंच लिहिलंय. भातशेतीचंही माझं नाही.” त्यांना थांबावेसे वाटले, पण ते थांबले नाहीत. “पानसुपारीच्या दिवशीच मला ठाऊक होतं.”

भिवाजीने त्यांच्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग असता तर मास्तरांना बरे वाटले असते.

“मंग त्या दिवशी हसलात कशापायी?”

उत्तराची वाट न पाहता भिवाजीने आढ्याची दोरी सोडली आणि घागर खाली घेतली. भागूबाईने चूल पेटवली. पाणी उकळले, निवले. ती पळीने सदूच्या तोंडात सोडू लागली. तो ओकला, तिने पुन्हा दिले. मास्तरांनी गावची विहीर जांभळी केली आणि परत येऊन ते पडवीच्या कडेला बसले. बसा असे त्यांना कोणी म्हटले नव्हते. दिवस कलताना सदूचा आवाज परतला आणि त्याने स्वतःच्या तोंडाने पाणी मागितले.

भागूबाईने पळी भरली. मान न वळवता तिने विचारले, “म्हंजे मी धन्याला दोन घोट दिलं, ते बराबर व्हतं?”

“बरोबर होतं,” मास्तर म्हणाले. एवढे तरी आपल्याला देता आले, असे त्यांना क्षणभर वाटले.

पळी सदूच्या तोंडाशी रिकामी झाली. ती पुन्हा भरायला भागूबाईचा हात गेला आणि मध्येच थांबला.

“घागर तर तवाबी भरलेली व्हती, मास्तर.”

मास्तरांच्या जिभेवर एकच शब्द आला, पानसुपारीच्या दिवशीचा “चालायचेच”. तो त्यांनी गिळला.