दगड नसलेल्या गावात होडी बुडवताना

आमच्या भागात दगड मिळत नाही. दलदल हवी तेवढी मिळेल, डास मिळतील, बीव्हरने कुरतडून पाडलेली झाडं मिळतील. पण नारळाएवढा दगड हवा असेल तर तो कुणाच्या तरी घराच्या पायातून काढावा लागेल. म्हणून होडी बुडवायचे आमचे बारा दगड हेल्यू आत्या दागिन्यांसारखे जपायची. आणि म्हणूनच वसंतात मी केलेला गाढवपणा ऑक्टोबरात माझ्या अंगाशी आला.

होडी अॅस्पेनच्या एका अख्ख्या खोडातून कोरलेली. आत्याने स्वतः कोरली, विस्तवावर धरून फाकवली. तिच्या कडा बोटभरसुद्धा जाड नाहीत. असलं पातळ लाकूड हिवाळाभर कोरडं पडलं की तडकतं. शेजारचे लोक होड्या छपराखाली ठेवून त्यांच्यावर ओली गोणपाटं टाकतात. आमच्या घरात होडी नदीत बुडवतात. दगडांच्या ओझ्याखाली, बर्फाच्या थराच्याही खाली, एप्रिलपर्यंत. मग पूर येतो, रस्ता दिसेनासा होतो, आणि मला शाळेच्या बसपर्यंत तीच होडी नेते.

वसंतात दगड हाताने एकेक काढायचे असतात. मी काय केलं? होडी पाण्यातच उलटी केली. एका झटक्यात रिकामी! मला तर स्वतःचं कौतुक वाटलं. बारा दगड पुराबरोबर गेले. आत्या तेव्हा कमरेच्या ऑपरेशनसाठी पार्नू शहरातल्या दवाखान्यात होती, म्हणून मी वाचले.

त्यात यंदा उन्हाळा कोरडा गेला. होडीच्या नाकाशी वीतभर भेग पडली. आत्याने तिच्यावरून अंगठा फिरवला.

"थंडीच्या आत पाण्यात गेली तर मिटेल," ती म्हणाली. "नाही गेली, तर वसंतात हिच्यात फुलझाडं लाव."

"नवी करू की."

"एवढं जाड अॅस्पेन तू दाखव, कंबर मी दुसरी मागवते."

हवामानवाल्यांनी शनिवारपासून नदी गोठवणारी थंडी सांगितली होती. शुक्रवारी मी शाळा बुडवली आणि होडीसाठी सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीवरचे दगड ढकलगाडीत भरून नदीवर नेले. आत्या काठावर उलट्या बादलीवर बसली होती, कुबडी मांडीवर.

"हे काय आणलंस?"

"दगड!"

"किर्के, हे वीस वर्षं भाजलेले दगड आहेत. पाण्यात महिनाभरात त्यांचा रवा होईल आणि होडी बर्फाला जाऊन चिकटेल. शिवाय डिसेंबरात सौनात काय तापवायचं? तुझं डोकं?"

"ते आधीच तापलंय."

"मग जा, नदीत बुडव. आणि आपले दगड घेऊन ये."

मी छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवला, बटाटे उकरायचं लांब दांड्याचं दाताळं घेतलं आणि हालिस्ते नदीत शिरले. आमच्या नदीचं पाणी दलदलीतून येतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. गढूळ नसतं, पण दोन हातांखालचं काही दिसत नाही. आमच्या नेहमीच्या जागी मी तासभर तळ खरवडला. मिळालं काय, तर एक किटली आणि माझीच हरवलेली चप्पल.

"वळणाकडे जा!" आत्या ओरडली. "पूर सगळं तिकडे नेतो!"

वळणावर एरवी कुणी उतरत नाही, फार खोल असतं. यंदा पाणी माझ्या बरगड्यांपर्यंतच होतं, आणि पुराने तिथला गाळ खरवडून नेला होता. दाताळं टक् करून वाजलं. दगड! मी हात खांद्यापर्यंत आत घातला, बाहीत बर्फगार पाणी शिरलं, मी सगळ्या देवांना हाका मारल्या आणि दगड उचलून काठावर टाकला.

तो गोल होता, अर्धा. मधोमध अर्धं भोक.

"आपला नाही हा," मी म्हणाले. "चालेल ना?"

कुबडी टेकत आत्या उठली, दगडाजवळ आली आणि डॉक्टरांनी अजिबात करू नका म्हणून सांगितलेलं तेच करून बसली, म्हणजे खाली वाकली. तिने त्या भोकात बोट घातलं.

"हे जातं आहे," ती म्हणाली. "दुसरा अर्धा तिथेच असेल. बघ."

मी हात घातला. होता. त्याच्या शेजारी आणखी एक दगड, मग आणखी एक. दोन रांगा, नीट मांडलेल्या. पूर दगड असे मांडत नाही. मी दोन दगडांच्या मध्ये हात खाली नेला आणि बोटांना लाकूड लागलं. गुळगुळीत. मी हात बाजूला सरकवला, तर लाकूड वळून वर आलं आणि बोटभर कडेवर संपलं. अगदी आमच्या होडीसारखं.

"आत्या, खाली होडी आहे."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नव्हतं गं! बाबा सांगायचे." तिचं बोट अजून जात्याच्या भोकातच होतं. "माझ्या आजोबांनी शरद ऋतूत होडी बुडवली. दगड कमी पडले म्हणून आजीचं मोडकं जातं नेलं, न विचारता. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मार्चमध्ये सैनिकांची लॉरी आली आणि घरातल्या सगळ्यांना हद्दपार करून सायबेरियात नेलं. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. परत आल्यावर दर उन्हाळ्यात काठी घेऊन नदी टोचत बसायचे. लोक हसायचे. मीपण हसायचे, किर्के."

मी त्या होडीच्या कडेने हात फिरवत चालत गेले. नाकापासून शेपटीपर्यंत कुठेही फुटलेली नाही. ज्याने ती ठेवली त्याने फक्त एका हिवाळ्यापुरती ठेवली होती. एप्रिलमध्ये येतोच, असं समजून. आणि ती तिथेच थांबली होती. तो दहा वर्षांचा मुलगा, माझे आजोबा, म्हातारे होऊन वारले, आत्याची कंबर गेली, मी जन्मले, सोळा वर्षांची झाले, इथून शंभर वेळा वल्हवत गेले, आणि ती खाली होती. मला मोठ्याने काहीतरी ओरडायचं होतं. ओरडण्याऐवजी मी तिच्या कडेवर नुसता हात ठेवला. असं माझं होत नाही, कुणालाही विचारा.

"बाकीचे दगड काढ," आत्या म्हणाली.

"नाही! तिचे आहेत ते. ती वर येईल, वाहून जाईल."

"ती आता कुठे येते वर! इतकी वर्षं पाणी पिऊन तीच दगड झालीय. तिला ओझ्याची गरज नाही. आपलीला आहे."

मी मुद्दाम जात्याच्या जागेशेजारचा एक दगड उचलून पाहिला. मग दुसरा. खालचं लाकूड हललंसुद्धा नाही.

मग सगळे दगड काठावर काढले आणि आमची होडी आणली. ती पाण्याने काठोकाठ भरली तरी बुडेना, माझ्या हाताखालून सारखी नाक वर काढायची. मी एकेक दगड हाताने ठेवत गेले, दोन रांगांत, खाली होते तसे. आठव्या दगडाला ती जड झाली. जात्याचे दोन्ही तुकडे आत्याने मला काठावरून स्वतः दिले, बर्फासारख्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून. तरी मी तिच्यावर ओरडले नाही. दुसरा तुकडा ठेवला आणि होडी माझ्या हातांतून सुटली, सावकाश, आडवी, न डुचमळता, आणि त्या दुसरीच्या शेजारी जाऊन टेकली.

चहासारख्या पाण्यात आधी तिच्या कडा पुसट झाल्या, मग काहीच दिसेना. फक्त नाकाच्या जागी बारीक बुडबुड्यांची एक माळ वर येत होती.

"भेग," आत्या कुजबुजली. "पाणी आत घेतेय."

आम्ही दोघी भिजलेल्या, दात वाजत, तिथेच उभ्या राहिलो. माळ विरळ झाली. एक बुडबुडा आला. बऱ्याच वेळाने आणखी एक. मग पाणी सपाट झालं.