लेखून का

गेली एकोणीस वर्षं मी छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधते. या कामाला मुद्रितशोधन म्हणतात. मला मात्र इथे सगळे नुसतं 'बाई' म्हणतात.

सोमवारी मालकांनी बोलावलं. शुद्धलेखन तपासणारं काहीतरी त्यांनी संगणकात बसवून घेतलं होतं. "एक तारखेपासून तुम्हाला त्रास नको, बाई," म्हणाले. त्रास! माझी नोकरी काढून घेताना माणूस उपकार केल्यासारखा हसत होता. वर शेवटचं पुस्तक हातात दिलं, 'आता तरी स्वतःला कमी लेखू नका'. जखमेवर मीठ चोळायचंच तर निदान बारीक तरी घ्यावं. हे दोनशे आठ पानांचं खडेमीठ!

लेखक मोठे व्याख्याते. 'तुम्ही अद्वितीय आहात' हे वाक्य त्यांनी अकरा ठिकाणी लिहिलं होतं आणि अकराही ठिकाणी पहिली वेलांटी दुसरी केली होती. दात-ओठ खात मी त्यांना अकरा वेळा अद्वितीय केलं. मुखपृष्ठ मात्र माझ्याकडे आलं नाही. "सहा तर शब्द आहेत, ते यंत्रच बघेल," मालक म्हणाले.

शुक्रवारी, माझ्या शेवटच्या दिवशी, तपासलेली पानं द्यायला संगणकावरच्या ऑपरेटरकडे गेले. लाल शाईत जे असेल ते मुकाट्याने घालायचं, हा त्याला मालकांचा नियम. त्याच्या टेबलावर मुखपृष्ठ पडलं होतं. ठसठशीत अक्षरांत: 'आता तरी स्वतःला कमी लेखून का'.

मोकळी जागा एक अक्षर पुढे सरकली होती, एवढंच. 'लेखून' बरोबर, 'का'ही बरोबर, म्हणून यंत्र खूश. खाली मालकांची सही, व्याख्यात्यांचीही. जेवणानंतर तीन हजार प्रती छापायच्या होत्या.

मी ताईला फोन केला.

"छापू दे की!" ती म्हणाली. "तुला काढतायत ना? मग तुझं काय जातंय?"

खरंच, माझं काय जात होतं? मी डबा उघडला. तीन हजार वेळा मालकांचं नाक कापलं जाणार, या विचाराने पहिला घास गोड लागला. दुसरा उतरेना. कुणीतरी आयुष्याला वैतागलेली बाई हे पुस्तक हातात घेणार आणि ते मुखपृष्ठावरूनच तिला विचारणार, कमी लेखून का? मला मालकांपेक्षा माझाच राग आला. चांगुलपणाचं मेलं मलाच काय ओझं! कुणी विचारत नाही, तरी हे डोळे मिटत नाहीत.

डबा तसाच टाकून मी मुखपृष्ठ मालकांच्या पुढ्यात आपटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "अरे बापरे! नशिबाने वाचलो, बाई."

"नशिबाने नाही. मी वाचलं, म्हणून तुम्ही वाचलात."

त्यांनी मुखपृष्ठ बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले. "बरं, जाताना कपाटाची किल्ली ठेवून जा."

मी बाहेर आले. श्रेयनामावलीचं पान अजून माझ्याकडेच होतं. मांडणी, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी, सगळ्यांपुढे नावं. एकोणीस वर्षं हे पान मी तपासलं आणि त्यात काय राहिलंय ते मला कधी दिसलं नाही. दुसऱ्यांनी कमी लेखलं म्हणून चरफडत होते. मी तरी वेगळं काय केलं होतं?

राहून गेलेल्या शब्दासाठी आम्ही हंसपदाची खूण करतो. ती मी 'मांडणी'च्या वर केली आणि लाल शाईत लिहिलं, 'मुद्रितशोधन'. पुढे माझं पूर्ण नाव, आडनावासकट. पान ऑपरेटरला दिलं.

त्याने पान वाचलं. मग आत मालकांच्या दाराकडे बघितलं. मी पर्स खांद्याला लावली.

"बाई," त्याने मागून हाक मारली, "तुमच्या नावात वेलांटी पहिली की दुसरी?"

"दुसरी," मी म्हटलं, आणि तो टाइप करेपर्यंत शेजारी उभी राहिले.