गिरीशने एकट्याने निवडलेला किल्ला

आयर्लंडात लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिप बनवणारा जो अवाढव्य कारखाना आहे, तिथे धुळीचा एक कण उडाला तरी चार माणसं धावत येतात म्हणे. अशा ठिकाणी गिरीश जोगदेव बारा वर्षं टिकला, कारण स्वतःच्या जबाबदारीवर त्याने कधी कणसुद्धा हलवला नाही. सोफा घ्यायचा ठरला तेव्हा त्याने इतक्यांना विचारलं, की दोन वर्षं पाहुण्यांना बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसावं लागलं. अखेर सोफा पसंत पडला, तोवर ते दुकान बंद पडून तिथे जिम उघडली होती. घर लिक्सलिपला घेतलं, कारण कारखान्यातल्या मित्राने, सलीलने, तिथे घेतलं होतं. ‘पाचामुखी परमेश्वर’ हे त्याचं ब्रीद. पाच तोंडांत परमेश्वर सापडला नाही, तर हा सहावं तोंड शोधायला निघे.

त्याची बायको वीणा भूलतज्ज्ञ. गेली तीन वर्षं ती कासलबारच्या मोठ्या हॉस्पिटलात होती, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. शुक्रवारच्या गाडीने यायची, रविवारच्या गाडीने जायची. सप्टेंबरात तिच्यापुढे दोन कागद आले. एक, कासलबारला कायमची कन्सल्टंटची जागा. दुसरा, डब्लिनला, म्हणजे घराजवळ, पण दोन वर्षांची, एक पायरी खालची. उत्तर द्यायचं होतं ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेनंतर, म्हणजे सोमवारच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी.

“मी या दोनांतला एक निवडणार आहे,” धुतलेले डबे कपाटात लावता लावता ती म्हणाली. “त्याआधी तू एक गोष्ट निवडून दाखव. बँक हॉलिडेच्या दोन रात्री. एखादं जुनं कासल, हॉटेल केलेलं, चांगलं थाटाचं. कुठलं ते तू ठरव. सलीलला विचारायचं नाही, पुण्याला दादांना फोन करायचा नाही, इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकायचं नाही. तू एकट्याने निवडलंस, तर मी डब्लिनच्या कागदावर सही करते.”

“एवढंच?”

“एवढंच. पण तुला जड जाईल.”

गिरीश हसला. त्याला खरंच वाटलं, यात काय आहे.

आता, किल्ला म्हणजे पाठीवर पिठलं-भाकरी बांधून चढायचा आणि वर टाक्यातलं हिरवं पाणी प्यायचं, एवढंच ज्याला ठाऊक, त्याने किल्ल्यात गादी किती मऊ आहे हे कशावरून ठरवायचं? त्याने तक्ता मांडला. एका किल्ल्याच्या तळघरात, जिथे पूर्वी माणसं डांबायचे, तिथे आता वाईन देत होते. एकात भुताची खोली होती आणि भुतासाठी वेगळं भाडं होतं. कुणी ना कुणी राजा तर प्रत्येक ठिकाणी एक रात्र झोपून गेलेला. तक्ता भरता भरता गिरीशला प्रश्न पडला, हे राजे जागे कधी असायचे?

पाच आठवडे गेले आणि एका संध्याकाळी तक्ता बाजूला राहिला. रॉसकॉमनकडच्या ड्रमकॅरा कासलचा एक फोटो समोर आला. बुरुजातली गोल खोली, जाड भिंतीत कोरलेली खिडकी, आणि त्या खिडकीत एकच माणूस पाय पोटाशी घेऊन बसेल एवढा दगडी कट्टा. वीणा इथे बसेल, असं त्याला वाटलं. का वाटलं, ते कुठल्याही रकान्यात बसेना. त्याने बुकिंग केलं आणि रात्री वीणाला फोन करून ‘ठरलं’ म्हणून सांगितलं.

“खरंच?” ती म्हणाली. आवाज जरा ओला होता.

गोष्ट इथे थांबली असती तर गिरीश आज सुखात असता. पण दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याला शंका आली. चुकलं तर? समोर सलील सँडविच खात होता. गिरीशने मनाशी हिशोब केला, की निवडून झाल्यावर विचारलं तर ते विचारणं नव्हे, नुसतं बोलणं.

“समजा, एखाद्याने बुरुजातली खोली घेतली,” तो म्हणाला, “तर ती थंड असेल का रे?”

“कुठला बुरुज?” सलीलने विचारलं, आणि गिरीशने ड्रमकॅराचं नाव सांगून टाकलं.

सलीलने ते बायकोला, शिवांगीला, सांगितलं. शिवांगीला गोष्ट सांगणं म्हणजे दवंडीवाल्याच्या हातात ढोल देणं. मंगळवारी रात्री ग्रुपवर आलं: गिरीशने कासल शोधून काढलंय, गिरीशने निवडलंय म्हणजे डोळे झाकून जायचं, खोल्या शिल्लक आहेत. गुरुवारपर्यंत अकरा कुटुंबांनी खोल्या घेतल्या होत्या. डून लेरीचे शशिकांतकाका, वय एकाहत्तर, ‘गुडघे बदलल्यावर पहिला किल्ला’ म्हणून खाली सात अंगठे टाकून मोकळे झाले.

वीणा त्या ग्रुपवर नव्हती. गिरीशने तिला सांगायला हवं होतं. तीन वेळा फोन हातात घेतला. पण ग्रुपवर त्याचं कौतुक चाललं होतं, लोक त्याला पार्किंगचं विचारत होते, ब्रेकफास्टला अंड्याविना काय मिळेल ते विचारत होते, आणि त्याच्या छातीत पहिल्यांदाच काहीतरी कोमट, गोड पसरत होतं. जन्मभर तो लोकांना विचारत आला; आता लोक त्याला विचारत होते. किल्ला मोठा आहे, तो मनाशी म्हणाला. कोण कुणाला दिसतंय.

शनिवारी दुपारी तो रॉसकॉमन स्टेशनवर उतरला. वीणा कासलबारहून गाडी घेऊन आली होती. निळी ओढणी, डोळ्यांत काजळ. इतक्या दिवसांत त्याने तिला काजळ घातलेलं पाहिलं नव्हतं.

“हेच का घेतलंस?” गाडी चालवताना तिने विचारलं.

“मला आवडलं.”

“नुसतं आवडलं?”

“खिडकी आहे एक. तू तिथे बसशील असं वाटलं.”

तिने गिअरवरचा हात उचलून त्याच्या हातावर ठेवला. पुढचे चार मैल तो हात तिथेच होता. गिरीशने सांगायला तोंड उघडलं आणि दृश्य सुंदर आहे एवढंच म्हणाला.

झाडांच्या रांगेतून गाडी आत शिरली. राखाडी बुरुज, वेली, खडीचं अंगण, आणि अंगणात ओळीने अकरा गाड्या. पायऱ्यांवर शशिकांतकाका माकडटोपी घालून उभे होते, हातात दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांचा डबा.

“या, या, किल्लेदार,” ते म्हणाले. “वहिनी, नवरा तुमचा हिरा आहे. चाळीस माणसांची सोय लावली एकट्याने.”

सामान उचलायला आलेल्या हॉटेलच्या म्हाताऱ्या डेक्लनने गिरीशला वाकून सांगितलं, तुमची मंडळी केव्हाच आलीत सर, ग्रँड मंडळी आहेत, फक्त त्यांना मायक्रोवेव्ह कुठेय ते हवंय.

वीणाने गाडी लावली. सगळ्यांशी हसली, एक चकली घेतली, शिवांगीच्या मुलीच्या गालाला हात लावला आणि बुरुजाचा गोल जिना चढून वर आली. खोली फोटोतल्यासारखीच होती. ती खिडकीत बसली नाही. पलंगाच्या कडेला बसली.

“कधीपासून माहीत होतं?”

“गुरुवारपासून. म्हणजे मंगळवारपासून.”

“कुणाला विचारलंस?”

“विचारलं नाही. सलीलला सहज बोललो. बुक झाल्यावर. निवडलं मीच होतं, वीणा. शपथ.”

“माहितेय मला,” ती म्हणाली. “म्हणूनच वाईट वाटतंय.” तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “लग्नाच्या वेळी तुमच्या घरी माझ्यावर मतदान झालं होतं ना? तुझी मावशी हसत सांगते सगळ्यांना. पाच विरुद्ध दोन.”

“सहा विरुद्ध दोन,” गिरीश म्हणाला. अशा वेळी आकडा दुरुस्त करू नये हे त्याला कोण सांगणार?

“आणि तू कुठल्या बाजूला होतास?”

खाली दिवाणखान्यात शशिकांतकाका कुणाला तरी सांगत होते, की आपल्या किल्ल्यांना असे पडदे असते तर मोगल बाहेरच्या बाहेर परत गेले असते. लोक हसले.

“माझं मत धरलं नव्हतं,” गिरीश म्हणाला. “मी म्हटलं, तुम्ही ठरवाल ते.”

ती उठली. बॅग उघडलेलीच नव्हती, तीच उचलली.

“मी गाडी काढतेय. बाहेर दहा मिनिटं थांबते. तुला यायचं असेल तर ये.”

“कुठे जायचं?”

“माहीत नाही. जाऊ कुठेतरी. रस्त्यात जे दिसेल तिथे राहू.”

“पण हे सगळे—”

“दहा मिनिटं, गिरीश.”

ती गेली. त्याने कोट घातला. एवढं मात्र त्याच्या पदरात टाकायला हवं, की कोट त्याने लगेच घातला. तो जिना उतरायला लागला आणि मधल्या वळणावर त्याला शिवांगी भेटली.

“वीणा कुठे निघाली?”

“बाहेर. मलाही बोलावतेय.” तो थांबला. “जाऊ का?”

शिवांगी म्हणाली, अरे जेवणाचं टेबल तुझ्या नावावर आहे. सलील आला, तो म्हणाला जा ना, पण रात्री परत या. शशिकांतकाका म्हणाले, बायको रागावली की अर्धा तास जाऊ द्यावा, हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. कुणीतरी म्हणालं, आता अंधारेल, आधी हवा बघा. गिरीश प्रत्येकाकडे वळून मान डोलवत होता. चौघांचं बोलून झालं तेव्हा बाहेर खडीवर चाकं वाजली. तो दारात पोचला तेव्हा झाडांच्या रांगेच्या टोकाला लाल दिवे वळत होते.

“हॉस्पिटलचा कॉल आला तिला,” तो आत येऊन म्हणाला.

“डॉक्टर लोकांचं हे असंच,” शिवांगी म्हणाली आणि त्याला मधली खुर्ची दिली. सूप आलं. हॉटेल छान निवडलंस, सगळे म्हणाले. पुढच्या वर्षीचंही तूच बघ.

मंगळवारी दुपारी कँटीनमध्ये वीणाचा मेसेज आला. कासलबारला सही केली, एवढंच. समोर सलील होता, शेजारच्या टेबलावर आणखी तिघं आपलेच. काय उत्तर द्यावं ते विचारायला गिरीश सलीलकडे वळला. पण विचारायचं तर आधी शनिवारचं खरं सांगावं लागलं असतं. मग कुणालाही न विचारता त्याने लिहिलं, ‘बरं.’